"बिल देतो की ओ!" काम झालं, मिस्त्री गेले, हिशेब राहिला

(एपिसोड ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा लिहिलेला भाग. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'काय झालं की' शक्य तेवढे गाळलेत. कोल्हापुरी मात्र तशीच ठेवलीय.)

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ह्याला काय अडचण म्हणायची? घरात काम करून घेतलं, काम चांगलं झालं, आणि मिस्त्री बिलच देईनात. पैसे मागायला कोणी येईना. बरंच की मग! आपले पैसे आपल्याच खात्यात.

मलाही असंच वाटत होतं. साडेचार महिने वाटत होतं. मग दसऱ्याच्या आधीच्या एका रविवारी मिस्त्रीमामा घरी आले, चहा घेतला आणि खिशातून चौघडी केलेला कागद काढला. बाकी ५५,५०० रुपये. माझ्या डोक्यात आकडा होता २१,४००. मधे ३४,१०० चा फरक.

त्या फरकाचं काय झालं, आणि तो पडूच नये म्हणून काय करायचं, हा आजचा एपिसोड. घरात सध्या काम चालू असेल, किंवा दिवाळीच्या आधी रंग काढायचा विचार असेल, तर शेवटपर्यंत थांबा.

काम काय होतं

आमचं घर कोल्हापुरात, जुनं, वर मोकळी गच्ची. दोन पावसाळे वरच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल येत होती. मागच्या एप्रिलमध्ये ठरवलं की गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा नवीन करायचा आणि त्याच खर्चात बाथरूमची फरशी बदलायची. मिस्त्रीमामा पप्पांच्या ओळखीचे. आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्यांच्या हातची.

रेट तोंडी ठरला. गच्ची मटेरियलसकट १३० रुपये स्क्वेअर फूट. बाथरूमच्या फरशा आम्ही आणायच्या, त्यांची फक्त मजुरी, ४५ रुपये स्क्वेअर फूट. (हे आमचे त्या वेळचे रेट, तुमच्याकडं वेगळे असतील.) मी लगेच फोनमधल्या नोट्समध्ये हिशेब टाकला. गच्ची ६२० फूट, म्हणजे ८०,६००. बाथरूम २४० फूट, म्हणजे १०,८००. एकूण ९१,४००. झालं, इंजिनिअरनं इंजिनिअरिंग केलं.

काम मे महिन्याच्या शेवटी संपलं. तोपर्यंत आम्ही ७०,००० दिले होते. २५,००० आणि ३०,००० यूपीआयनं, १५,००० रोख. राहिले २१,४००. शेवटच्या दिवशी मी विचारलं, "मामा, बिल?"

"देतो की ओ. कुठं पळून चाललाईसा व्हय?"

जूनमध्ये फोन केला. "देतो की." जुलैत रस्त्यात भेटले. "या आठवड्यात बसतोच बघा हिशेबाला." मग मी विचारणंच सोडलं. खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं, विसरले तर बरंच की. ऑगस्टमध्ये मी नवीन फोन घेतला. ईएमआय नको म्हणून एकरकमी. पैसे कुठले, ते वेगळं सांगायला नको.

मिस्त्री बिल का देत नाहीत?

आपण पटकन दोन निष्कर्ष काढतो. एक, माणूस आळशी आहे. दोन, काहीतरी डाव आहे. हिशेब मिटल्यावर मी मामांनाच विचारलं की एवढा उशीर का. त्यांची उत्तरं ऐकून मला माझ्या कंपनीतले टाइमशीट न भरणारे लोक आठवले. त्यात मीही आलो.

पहिलं कारण मोसम. आपल्याकडं गच्ची, पत्रा, कोबा, गिलावा ही सगळी कामं वळीव आणि मृगाच्या आत उरकायची असतात. मे महिन्यात एका मिस्त्रीकडं तीन-तीन साईट असतात. सकाळी सातला माल टाकायचा, दुपारी दुसरीकडं लेव्हल बघायची, संध्याकाळी हेल्पर उद्या येणार का ते विचारत फिरायचं. पाऊस लांबतोय असं दिसलं की अजून दोन कामं अंगावर घेतात. बिलाला बसायचं कधी? आणि पूर आला तर विचारूच नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पाणी उतरल्यावर नदीकडच्या पेठांतल्या आणि शाहूपुरीतल्या घरांना एकाच वेळी गवंडी, सुतार, वायरमन, रंगारी सगळेच पाहिजे होते. अशा वेळी प्रत्येक जण पुढच्या कामाकडं धावतो, झालेल्या कामाचा हिशेब मागं पडतो.

दुसरं कारण लिहिणं. मामा ४० वर्षं काम करतात. भिंत डोळ्यांनी मोजतात. पण कागदावर आयटम, माप, रेट, रक्कम असं मांडायचं म्हटलं की त्यांना ते ओझं वाटतं. आमचं बिल त्यांच्या मुलीनं लिहिलं, तेही तिची परीक्षा संपल्यावर.

तिसरं कारण ऐकून मी गप्पच बसलो. मामा म्हणाले, "ॲडव्हान्सात पोरांचा पगार भागतोय. ऱ्हायलेलं असतंय ते माझं. तुमच्याकडं हाय म्हंजे बँकेत ठेवल्यागत हाय. हातात आलं की खर्चून जातंय."

म्हणजे बघा, ते मला बँक समजत होते, आणि बँकेनं ठेवीतून फोन घेतला होता.

चौथं कारण संकोच. काम संपल्या संपल्या बिल पुढं केलं तर माणूस पैशावर टपलाय असं दिसतं, असं त्यांना वाटतं. "माणूस बघून काम केलंय, बिल बघून न्हवं," हे त्यांचं वाक्य. ऐकायला छान आहे. पण त्याच माणसाला दसऱ्याच्या तोंडावर मुलीच्या फीसाठी पैसे लागले, तेव्हा हातात साडेचार महिने जुन्या आठवणीशिवाय काही नव्हतं.

आता, सगळेच असे भोळे नसतात. काही जण मुद्दाम उशीर करतात, कारण वेळ गेला की तुम्ही काहीच तपासू शकत नाही. फरशीखाली पाईप किती फूट गेला, हे फरशी बसल्यावर कोण बघणार? पण गंमत अशी की, सरळ माणूस असो की बेरकी, दोघांसाठी उपाय एकच आहे. त्याच्याकडं येतोच.

३४,१०० कुठं गेले?

त्या रविवारी आवाज चढायला लागले होते. पप्पा म्हणाले, "एवढं कसं होईल?" मामा म्हणाले, "मी खोटं बोलतोय व्हय?" दोन्ही वाक्यं एकदा तोंडातून गेली की परत घेता येत नाहीत. आईनं दुसरा चहा ठेवला आणि मला म्हणाली, "टेप आण."

आम्ही गच्चीवर गेलो. मी ६२० फूट काढले होते ते घराच्या नकाशावरून, टाकीखालची जागा वजा करून. मामांनी ६६० धरले होते, कठड्याच्या बाहेरून बाहेर. टेप लावली. टाकीखालीही कोबा केलेला होता, ती जागा धरून आतून आतून माप आलं ६४०. म्हणजे दोघंही २० फुटांनी चुकलेलो, एक इकडं, एक तिकडं. २० फुटांचे २,६०० रुपये.

मग कठडा. कोबा कडेनं भिंतीवर फूटभर चढवला होता, नाहीतर पाणी सांध्यातूनच आत शिरतं. १०४ रनिंग फूट, ६० रुपयांनी ६,२४०. हे काम डोळ्यांसमोर होतं. मी ते धरलंच नव्हतं, कारण मला वाटलं कोबा म्हटलं की त्यात हे आलंच. मामांना वाटलं की हे वेगळंच असतं, सगळ्यांना माहीत असतं.

मग स्वयंपाकघर. पप्पांनी मधेच सांगितलं होतं, "मामा, ओट्यामागची भिंत पण जरा बघा." त्या 'जरा'चे दोन दिवस गेले. गवंडी १,००० आणि हेल्पर ७०० रोजानं, दोन दिवसांचे ३,४००. सिमेंट, वाळू आणि किरकोळ सामान मामांनी त्यांच्या नेहमीच्या हार्डवेअरच्या दुकानातून स्वतःच्या नावावर उधार आणलं होतं, ४,२६०. मला यातलं काही माहीतच नव्हतं. त्या दिवसांत मी ऑफिसच्या कामानं पुण्यात होतो.

इथपर्यंत मामांचं बरोबर होतं. मग आम्ही दिलेल्या पैशांकडं वळलो. यूपीआयचे ५५,००० दोघांच्या फोनमध्ये होते. रोख १५,००० मात्र मामांच्या कागदावर नव्हतेच. पप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग आठवलं की त्या दिवशी मामा दुसऱ्या साईटवर होते आणि पैसे हेल्परच्या हातात दिले होते. मामांनी जागेवरच त्याला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, "व्हय की, त्यातनंच न्हाई का आठवड्याचा पगार वाटला." मामांच्या डोक्यात तो पगार त्यांच्या स्वतःच्या खिशातून गेला होता.

आता सगळं एकत्र मांडू. गच्ची ६४० फूट, ८३,२००. बाथरूम १०,८००. कठडा ६,२४०. स्वयंपाकघराची मजुरी ३,४००, सामान ४,२६०. एकूण १,०७,९००. दिलेले ७०,०००. बाकी ३७,९००.

म्हणजे मी १६,५०० नं कमी धरत होतो आणि मामा १७,६०० नं जास्त. लबाडी कोणाचीच नव्हती. दोघंही मनापासून खरं बोलत होतो आणि दोघंही जवळपास सारखेच चुकलो होतो. आणि बघा, प्रत्येकाची चूक स्वतःच्या फायद्याचीच होती. आठवण अशीच काम करते. दिलेले पैसे देणाऱ्याला आठवतात, केलेलं काम करणाऱ्याला आठवतं.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही लॉग ठेवतो, कारण पाच महिन्यांनी काहीतरी मोडलं की 'मला असं आठवतंय' ह्याला किंमत नसते. घरात मात्र लाखाचं काम आपण आठवणीवर सोडून देतो.

उशिराच्या बिलाचा फटका कोणाला?

दोघांनाही, पण मिस्त्रीला जास्त. मामांची त्या दुकानातली उधारी मे महिन्यापासून चढत गेली होती. त्यात आमचे ४,२६० पण होते. गणपतीच्या आधी दुकानदारानं सांगितलं, आधीचं मिटवा, मग पुढचं न्या. माल उधार मिळेना म्हणून मामांना एक काम सोडावं लागलं. हे सगळं चालू असताना मी नवीन फोनचं कव्हर निवडत होतो.

आपल्या बाजूनंही तोटा आहेच. हिशेब लोंबकळत असला की जुलैत कोपऱ्यात ओल दिसली तरी हक्कानं बोलावता येत नाही. आणि आपल्या हातात काही कागद राहत नाही. उद्या घर विकलं, तर खोली वाढवणं, मजला चढवणं असा घरात भर घालणारा खर्च नफ्यातून वजा करून मिळतो, पण त्याचा पुरावा लागतो. रंगरंगोटी, किरकोळ दुरुस्ती त्यात सहसा धरत नाहीत. म्हणून मोठ्या कामाची बिलं तरी जपून ठेवायची.

कायदा काय म्हणतो?

मी वकील नाही. पण चार गोष्टी प्रत्येकाला माहीत पाहिजेत.

एक. बिल आलं नाही म्हणून देणं संपत नाही. पैसे कधी द्यायचे ते ठरलेलं नसेल, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे काम झाल्यापासून ३ वर्षांपर्यंत त्या कामाच्या पैशांसाठी दावा करता येतो. त्या मुदतीत तुम्ही सही करून लेखी कबूल केलंत, तर तिथून मुदत नव्यानं मोजतात.

दोन. 'रेट ठरलाच नव्हता' ही पळवाट नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७० सांगतं की कोणी फुकट करायचा हेतू नसताना तुमच्यासाठी कायदेशीर काम केलं आणि तुम्ही त्याचा फायदा घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. ओट्यामागची भिंत, 'जरा बघा', तेच हे.

तीन. जीएसटी. "बिल पाहिजे तर १८ टक्के जास्त लागतील," हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात काही अपवाद सोडता नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसलेला माणूस जीएसटी लावूच शकत नाही, पण साधं बिल नक्की देऊ शकतो. नोंदणी असेल तर सेवा दिल्यापासून ३० दिवसांत इन्व्हॉइस द्यायचं, हा साधारण नियम. टप्प्याटप्प्यानं पैसे ठरलेल्या मोठ्या कामांना नियम थोडे वेगळे आहेत. कोणी जीएसटी लावला तर नंबर मागा. तो १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. जीएसटीच्या वेबसाईटवर लॉगिन न करता तो तपासता येतो. आणि त्या माणसानं छोट्यांसाठीची कंपोझिशन योजना घेतलेली असेल, तर तो तुमच्याकडून वेगळा कर घेऊ शकत नाही.

चार. रोख. एकाच व्यवहारात, किंवा एका माणसाकडून एका दिवसात, २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे. दंड घेणाऱ्याला, आणि तो तेवढ्याच रकमेचा. अख्ख्या घराचं काम ठोक दिलं असेल तर हे मिस्त्रींनाही सांगून ठेवा.

एखाद्यानं बिल द्यायचंच नाकारलं तर? सेवेचं बिल किंवा पावती न देणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. पण मिस्त्रीच्या बिलासाठी तिथपर्यंत जायची वेळ फार कमी येते, कारण त्याआधी एक सोपा उपाय आहे.

उपाय: बिल मागू नका, हिशेब पाठवा

ही आयडिया माझी नाही. मामांचे ४,२६० पडताळायला मी त्या हार्डवेअरवाल्या काकांकडं गेलो होतो. त्यांनी फोन काढला आणि मे महिन्याचं उधारीचं पान दाखवलं. २०१९ च्या पुरात त्यांच्या वह्या भिजल्या होत्या. तेव्हापासून ते रोज रात्री दुकान बंद करताना त्या दिवसाच्या पानाचा फोटो काढतात आणि मुलाला पाठवतात. बस. कुठलं ॲप नाही, एक्सेल नाही.

मी तेच घराच्या कामाला लावलं. असं करायचं.

काम सुरू व्हायच्या आधी मिस्त्रींना एक मेसेज. रेट काय, कशावर (स्क्वेअर फूट, रनिंग फूट, रोज की ठोक), माल कोणाचा, त्यात काय येतं आणि काय नाही. कठडा धरलाय का? कचरा कोण उचलणार? शेवटी एक ओळ, 'काम संपल्यापासून ८ दिवसांत हिशेब मिटवू.' त्यांना वाचायला जमत नसेल तर व्हॉइस मेसेज करा. तोही पुरावाच.

काम चालू असताना 'हे पण करून टाका' असं तोंडातून गेलं, की ती नवीन ऑर्डर समजा. लगेच विचारा, "ह्याचे किती?" आणि तो आकडा मेसेजमध्ये टाका. घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा, कारण असली वाक्यं आपण ऑफिसला गेल्यावरच बोलली जातात.

पैसे दिले की प्रत्येक वेळी एक ओळ. 'आज १५,००० रोख, हेल्परकडं दिले. आत्तापर्यंत एकूण ७०,०००.' यूपीआय असलं तरी ही ओळ लिहा, कारण यूपीआय रक्कम सांगतं, कशाचे ते सांगत नाही.

जे झाकलं जाणार आहे त्याचा आधी फोटो, टेप लावून. पाईप, वायरिंग, कोब्याखालचा थर. आणि माप दोघांनी मिळून घ्यायचं, माल टाकायच्या आधी. आतून की बाहेरून, ते तेव्हाच ठरवायचं.

काम संपलं की त्याच संध्याकाळी, बिलाची वाट न बघता, तुम्हीच हिशेब लिहून पाठवा. मी आता पाठवतो तो मेसेज असा:

'मामा, नमस्कार. माझ्या हिशेबानं असं होतंय. गच्ची ६४० फूट, १३० नं ८३,२००. बाथरूम २४० फूट, ४५ नं १०,८००. कठडा १०४ फूट, ६० नं ६,२४०. ओट्यामागची भिंत, मजुरी ३,४००, सामान ४,२६०. एकूण १,०७,९००. दिलेले ७०,०००. बाकी ३७,९००. काय राहिलं असेल किंवा चुकलं असेल तर सांगा. रविवारी सकाळी १० ला चहाला या, मिटवून टाकू.'

ह्यात दोन गोष्टी होतात. कोरा कागद भरणं अवघड असतं, पण दुसऱ्यानं लिहिलेल्यातली चूक काढणं सोपं असतं. आम्ही कोड रिव्ह्यू करतो ते ह्याच जोरावर. 'बिल द्या' म्हटलं की 'देतो की' येतं. आकडा पाठवला की पाच मिनिटांत फोन येतो, "आवो, जिन्याची पायरी ऱ्हायली की." दुसरं म्हणजे वार आणि वेळ. 'या आठवड्यात' कधीच उजाडत नाही, रविवारी १० वाजतातच.

आपलं राहिलेलं काम लिहायचं की गप्प बसायचं, हा प्रश्न येईलच. लिहायचं. मिस्त्री विसरला म्हणून कठडा गाळायचा नाही. त्याच माणसाला पुढच्या पावसाळ्यात फोन करायचाय.

आणि हो, बाकीचे पैसे काम संपेल त्या दिवशी बाजूला काढा. वेगळं खातं, छोटी एफडी, आईकडं द्या, काहीही. बिल आलं नाही म्हणून ते पैसे आपले होत नाहीत. मला ३७,९०० एकदम देता आले नाहीत. त्या रविवारी २५,००० दिले, बाकीचे पगार झाल्यावर. मामा "असू दे की" म्हणाले. पण मुलीच्या फीची तारीख माझा पगार बघून ठरलेली नव्हती. ते अजून टोचतं.

काही टोकाचे प्रश्न

आकडा जुळतच नसेल तर? जेवढं मान्य आहे तेवढं लगेच द्या आणि वादाचा आयटम वेगळा ठेवा. पाच हजारांच्या वादासाठी तीस हजार अडवून धरले तर वाद तीस हजारांचा होतो.

पहिला पाऊस बघून शेवटचे पैसे देऊ का? गच्चीच्या कामाला हे चालतं, पण सुरुवातीला रक्कम आणि तारीख ठरली असेल तर. आधी काही न बोलता नंतर 'पाऊस बघू' म्हणणं म्हणजे पैसे अडवणं.

हिशेब पाठवला, दोनदा आठवण केली, तरी उत्तर नाही? तर तुमच्या हिशेबाची बाकी त्यांच्या खात्यावर पाठवा आणि मेसेज करा, 'माझ्याकडून हिशेब पूर्ण. काही राहिलं असेल तर या तारखेपर्यंत कळवा.' त्या तारखेनंतर त्यांचा हक्क संपतो असं नाही, पण तुमची बाजू स्वच्छ राहते.

शेवटचं

यंदा मामांनी आमच्या जिन्याचं काम केलं. पाच दिवसांचं. शेवटच्या संध्याकाळी मी मेसेज टाइप करत होतो, तेवढ्यात त्यांच्याच नंबरवरून एक फोटो आला. वहीचं पान, मुलीच्या अक्षरात, आयटम, माप, रेट. खाली मामांचा व्हॉइस मेसेज, "बघा, तुमच्या आधी लावून दिलं."

माझ्या आणि त्यांच्या हिशेबात ३५० रुपयांचा फरक होता. एक गोणी सिमेंट मी विसरलो होतो.

मंडळी, आज रात्री एक काम करा. घरात मागच्या वर्षभरात कोणाकडून काम करून घेतलंय आणि बिल आलं नाही, ते घरच्यांना विचारा. वायरमन, सुतार, प्लंबर, रंगारी, कोणीतरी निघेलच. त्यांना हिशेब पाठवा आणि चहाला बोलवा. काय झालं ते मला नक्की कळवा, पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला तुमचे किस्से घेऊ.

चला, भेटू. काळजी घ्या.